शुक्रवारपर्यंतची वही

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. ज्या गोष्टीची सिद्धता नाही ती फळ्यावर लिहायची नाही, ही माझी सवय. अंगात येणं, भूतबाधा, स्वप्नातले संकेत... नातेवाईक असलं काही सांगायला लागले की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. अजूनही जाते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय. पण इथे इतरांचे अनुभव वाचले आणि वाटलं, आपणही एकदा जसं घडलं तसं सांगून टाकावं. पटो न पटो.

मी मूळची येवल्याची. वडील पैठणी विणायचे, घरात दोन माग. दहावी-बारावी मराठीत झाली आणि बी.एस्सी.ला नाशिकला कॉलेजात आले, तिथे सगळं इंग्रजीत. मावशीकडे राहायचे. मावशीचे यजमान अंबडच्या एका कारखान्यात होते. पहिल्या वर्षी बाकी सगळे विषय निघाले, गणित राहिलं. घरी चुलत्यांनी धोशा लावला — पुरे झालं शिक्षण, कोपरगावचं स्थळ चांगलं आहे. वडील एवढंच म्हणाले, "एक साल अजून देऊ तिला. यंदा सुटलं तर सुटलं, नाय तर मग माझ्याबी हातात काय नाय."

१९८० च्या दिवाळीनंतर मी रणदिवे मॅडमकडे जायला लागले. त्या आमच्याच कॉलेजात गणित शिकवायच्या. पन्नाशीच्या, कडक, कमी बोलणाऱ्या. वर्गात एकदा मला उभं केलं, मी गप्प. तास संपल्यावर बोलावून विचारलं, "गणित येत नाही की इंग्रजी येत नाही?" मी रडायलाच लागले. त्या म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी सातला घरी ये." शिकवणी वगैरे त्या घेत नव्हत्या. माझ्यासाठीच तो एक तास.

पंडित कॉलनीत त्यांचं छोटं बैठं घर होतं. पुढे व्हरांडा. तिथे रणदिवे काका, म्हणजे मॅडमचे यजमान, स्वेटर-मफलर घालून पेपर वाचत बसलेले असायचे. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, गप्पिष्ट. मी बसमधून उतरून चालत जायची, काका फाटक उघडायचे, आतून चहा यायचा. मग मॅडम मराठीत शिकवायच्या आणि मी वहीच्या समासात माझ्या भाषेत लिहून ठेवायची. जिथे हमखास चुकायचे तिथे 'वजा इथेच निसटतो' असलं काहीतरी. मॅडम हसायच्या नाहीत. म्हणायच्या, "लिही. तुला कळतंय ना, मग लिही."

जानेवारीत संक्रांतीला मी येवल्याला गेले. येवल्याची संक्रांत म्हणजे पतंग... तीन दिवस सगळं गाव गच्चीवर. जाताना वही मॅडमकडेच ठेवली, त्यांना गणितं तपासायची होती. "सोमवारी येते," म्हणाले.

तो सोमवार आलाच नाही. संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी गच्चीवर मला थंडी वाजायला लागली, ती थांबेचना. टायफॉइड निघाला. तीन आठवड्यांहून जास्त मी अंथरुणात होते. पहिल्या आठवड्यातलं मला फारसं आठवत नाही. ताप डोक्यात जायचा, मी गणित बुडालं, गणित बुडालं म्हणून रडायचे, असं आई सांगायची. केसांचा गुंता झाला, झडायला लागले, म्हणून आईने कात्रीने मानेपर्यंत कापून टाकले. खायला फक्त तांदळाची पेज.

थोडी हिंडायला लागल्यावर वडील मला नाशिकला घेऊन आले, रविवारी. सोमवारी सातला मी मॅडमकडे गेले. पायात बळ नव्हतं. इतके दिवस बुडाले, आता मॅडम काय म्हणतील.

काकांनी फाटक उघडलं आणि बघतच राहिले.

"अगं, केस कधी कापलेस? शुक्रवारी तर चांगली लांब वेणी होती!"

मला वाटलं, काका दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. मी नुसती हसले आणि आत गेले. मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. माझी वही समोर. मी म्हटलं, "मॅडम, सॉरी... फार दिवस झाले..."

"फार कुठे? शनिवारचा एक तर दिवस," त्या म्हणाल्या. "बस. शुक्रवारी आपण जिथे थांबलो तिथून पुढे."

त्यांनी वही उघडून माझ्याकडे सरकवली.

मी ठेवून गेले तेव्हा त्या वहीत नऊ-दहा पानं लिहिलेली होती. आता जवळजवळ पाऊण वही भरली होती. अक्षर माझं. माझा एक्स मी लहानपणापासून दोन पाठमोऱ्या कंसांसारखा काढते, तसाच. समासात मराठी टिपणं, तीही माझीच. शेवटच्या पानावर इंटिग्रेशनचं एक लांबलचक गणित होतं. ते सोडवता सोडवता तेच गणित फिरून परत समोर येतं, मग त्याला उचलून पलीकडच्या बाजूला न्यायचं असतं. ते पूर्ण सोडवलेलं. खाली मॅडमची लाल पेन्सिल — 'शाब्बास'. मॅडम शाब्बास कधी लिहायच्या नाहीत.

"हे मी नाही लिहिलं," मी म्हटलं.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे?"

"मी आजारी होते, मॅडम. येवल्याला होते. मी कालच आले."

"शैला, थट्टा आवडत नाही मला."

त्यांनी कोऱ्या पानावर तशाच प्रकारचं एक गणित लिहून दिलं. मला पहिली ओळसुद्धा लिहिता येईना. त्या बराच वेळ माझ्याकडे, मग माझ्या केसांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आज घरी जा. उद्या वडिलांना घेऊन ये."

मी बसमध्ये रडले. मला वाटलं, मॅडमना मी खोटारडी वाटतेय.

वडील अजून मावशीकडेच थांबले होते. दुसऱ्या दिवशी ते आले. डोक्यावर टोपी, हातात डॉक्टरांचे कागद. खुर्ची दिली तरी बसेनात. उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, पोरगी बावीस दिवस आमच्या डोळ्यापुढं हातरुणात व्हती. मी तुमास्नी कार्ड बी टाकलं व्हतं."

"हो, मिळालं ना कार्ड," मॅडम म्हणाल्या. आणि बोलता बोलता थांबल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात. संक्रांतीनंतर पहिला आठवडा मी आले नाही. दुसऱ्या सोमवारी सातला आले. अशक्त दिसत होते, अंगावर शाल होती. विचारलं तर म्हणाले, ताप होता. त्यानंतर दोन आठवडे रोज आले. मधल्या एका गुरुवारी शिकवणी चालू असतानाच काकांनी आदल्या दिवशीच्या टपालातलं एक कार्ड आत आणून दिलं, वडिलांचं. 'मुलगी तापाने आजारी आहे, येऊ शकत नाही, राग नसावा.' मॅडमना वाटलं, पत्र उशिरा मिळालंय. त्यांनी ते माझ्याच हातात दिलं... म्हणाल्या, "बघ, तुझ्या वडिलांनी किती काळजीने लिहिलंय."

"मग?" वडिलांनी विचारलं.

"तिने वाचलं. दोनदा वाचलं बहुतेक. आणि वहीत ठेवून दिलं."

मी वही उलटीपालटी केली. कार्ड मधल्या पानात होतं. वडिलांचं मोडकंतोडकं अक्षर. काकांनी ते उजेडात नेऊन शिक्का पाहिला. येवल्याचा शिक्का त्या गुरुवारच्या दोनच दिवस आधीचा होता. म्हणजे वडिलांनी पत्र पेटीत टाकलं तेव्हा इथे कुणीतरी आधीपासूनच माझ्या जागेवर बसून माझं गणित शिकत होतं.

काका एकदम म्हणाले, "मी रोज चहा विचारायचो तिला. एरवी कधी नाही म्हणाली नाही ही. त्या दिवसांत रोज म्हणायची — नको काका, पेज पिऊन आलेय."

माझ्या वडिलांचा चेहरा पांढरा पडला. मला पेज देतायत हे नाशिकमध्ये मावशीलाही माहीत नव्हतं. आता कुणी म्हणेल, टायफॉइडच्या पेशंटला पेजच देतात, त्यात काय एवढं! खरंय. पण टायफॉइड आहे हे तरी इथे कुणाला माहीत होतं? कार्डावर नुसता 'ताप' होता.

वडिलांनी माझा हात धरला. "चल पोरी. हे काय बरं नाय. घरी जाऊ, कुणाला तरी दाखवू. गणित ऱ्हाऊ दे."

मला कळलं, संपलं सगळं. आता येवला, मग कोपरगाव. पण मधे बोलल्या त्या मॅडम.

"दादा, बसा जरा. हे काय आहे मला माहीत नाही. माहीत आहे असं मी म्हणणारही नाही. पण जे काही बघितलं ते मी बघितलं, ते माझ्यापाशी राहू दे. हिचा पेपर दोन महिन्यांवर आलाय. हिला आजही वजाचं चिन्ह सांभाळता येत नाही."

वडील तसेच उभे. मग मॅडम म्हणाल्या, "तुम्ही इथेच व्हरांड्यात बसा. तुमच्यासमोर शिकवते."

वडील बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तासभर दाराकडे एकटक बघत बसले. मॅडमनी वही मिटून माझ्या हातात दिली, नवीन कागद काढले आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून."

मी बहाणा करतेय अशी शंका, किंवा पुन्हा तेच शिकवावं लागतंय म्हणून चिडचिड... त्यानंतर एकदाही नाही. पूर्ण पोर्शन त्यांनी मला परत शिकवला. फक्त एक बदल झाला. मी रोज आत आले की त्या आधी विचारायच्या, "काल कुठपर्यंत आलो होतो?" मी सांगायची. बरोबर सांगितलं की मगच पुस्तक उघडायच्या. त्या का विचारतात हे मलाही माहीत होतं, त्यांनाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. घरी मात्र मी त्या वहीवरून अभ्यास करायची. इतकं सोपं मला कुणीच समजावलं नव्हतं. मला जिथे अडणार नेमकं तिथेच समासात टीप असायची... वाचताना अंगावर काटा यायचा, आणि गणित कळायचं.

एप्रिलमध्ये पेपर दिला. सुटले. कोपरगावचं स्थळ मागे पडलं. पुढे बी.एस्सी., बी.एड. करून नाशिकमध्येच शाळेत लागले.

मधल्या काळात मी लॉजिक लावून बघितलं नाही असं नाही. माझ्यासारखी दिसणारी मुलगी? मावशीची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, आणि दुसरं कुणी नाही. मॅडमचा भ्रम म्हणावा, तर काकांनीही पाहिलं. आणि वही? मी तापात उठून गेले असेन? येवला-नाशिक एसटीने दोन-अडीच तास, आणि आई माझ्या उशापासून हलली नव्हती. आई इतकंच सांगायची की सकाळी सातच्या सुमाराला मी एकदम शांत पडायची, इतकी की ती नाकापाशी हात धरून बघायची. डॉक्टरांचं म्हणणं, सकाळी ताप उतरतो, तेव्हा पेशंटला गाढ झोप लागते. असेलही.

१९८९ मध्ये कळलं, मॅडम खूप आजारी आहेत. काका आदल्या वर्षी गेले होते. मी दुपारी शाळा सुटल्यावर गेले. कॉटवर मॅडम अगदी एवढ्याशा दिसत होत्या. माझ्या वर्गातल्या मुलांबद्दल विचारलं, कोणतं पुस्तक लावलंय ते विचारलं. मग थोडा वेळ डोळे मिटून पडल्या. मला वाटलं झोप लागली. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "थांब. तुला एक सांगायचं राहिलंय."

मी कॉटच्या कडेला बसले.

"तो शुक्रवार. ते मोठं गणित तिने एकटीने सोडवलं. मी शाब्बास लिहिलं. जाताना ती दारात थांबली, चपला घालता घालता. मला म्हणाली, मॅडम, हे सगळं मी विसरले तर? परत शिकवाल ना?"

मी आणखी जवळ सरकले.

"मी म्हटलं, कितीही वेळा शिकवेन. तिने मान हलवली आणि गेली." मॅडम जरा दम खाऊन म्हणाल्या, "म्हणून वडील न्यायला निघाले तेव्हा मी तुला जाऊ दिलं नाही. त्यांच्यापुढे हे बोलले नाही. त्यांनी नेलंच असतं तुला."

मॅडमनी माझं मनगट धरलं. हात थंड होता.

"शैला, खरं सांग आता. ती तू नव्हतीस?"

आठ वर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आले होते. आईला, मावशीला, पुढे नवऱ्याला. मी नव्हते. मी येवल्याला होते.

त्या दिवशी मी म्हटलं, "मीच होते, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "वाटलंच मला," म्हणाल्या. आठवड्याभराने त्या गेल्या.

त्यांच्या समाधानासाठी मी तसं म्हणाले, असं मी स्वतःला सांगत आलेय. मरणाऱ्या माणसाला थोडं खोटं बोललं तर काय बिघडलं. पण ते शब्द तोंडातून गेले तेव्हा खोटं बोलतेय असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं. का वाटलं नाही, हे आजतागायत कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा.