टक्क की भद्द

माझे मामा आयुष्यभर धावपट्टीवर हातोडी आपटत आले. उड्डाणाआधी विमान जिथे उभं राहून जोर धरतं, त्याच्यामागची डांबरी पट्टी त्यांच्याकडे. इंजिनाचा झोत डांबराखालच्या पोकळीत शिरला तर अख्खा थर पापुद्र्यासारखा निघतो, आणि तुकडा विमानाच्या शेपटीवर आदळला तर पुढचं बोलायलाच नको. म्हणून मामा ठोकून ऐकायचे. टक्क वाजलं तर जागा घट्ट. भद्द वाजलं तर खडूनं गोल काढायचा, म्हणजे दुरुस्तीवाले येऊन भरणार.

घरीही तोच नाद. कलिंगड, दारं, आम्हा भाचरांची डोकी, काही म्हणून सुटलं नाही. माझं डोकं कायम भद्दच वाजायचं.

परवा दुपारी मी विमानतळालगतच्या त्यांच्या घरी गेले तेव्हा ते ओट्यापुढची हललेली फरशी ठोकत होते. भद्द! मला दारातून ऐकू आलं.

"पक्की आहे की!" मामा म्हणाले.

मला वाटलं, थट्टा. मी हसलेसुद्धा. मामी हसली नाही. तिनं हातोडी घेतली, शेजारची फरशी ठोकली, मग परत ही.

"फरक कळतोय का तुम्हाला?"

मामांनी नकारार्थी मान हलवली.

"सकाळी अख्खी पट्टी ठोकली," ते म्हणाले. "एकही गोल काढला नाही. म्हटलं, यंदा काम झकास टिकलंय."



"आत्ताच्या आत्ता फोन करा," मामी म्हणाली.

"कान गेले म्हणून घरी बसवतील गं."

"बसवू देत!"

मामांनी नंबर लावला. "साहेब, माझ्या ठोकण्यावर जाऊ नका. पट्टी दुसऱ्याकडून तपासा, तोवर विमानं थांबवा." पलीकडचं त्यांना नीट कळेना, त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"एक सुटायच्या बेतात आहे," साहेब म्हणाले. "बघतो. फोन ठेवू नका."

तेवढ्यात खिडकीची काच थरथरायला लागली.

"थांबवलं ना?" मामांनी विचारलं. मी खिडकीकडे बघितलं. त्यांनी तळहात फरशीवर टेकला आणि त्यांना कळलं. थरथर ओसरेपर्यंत कुणी हललं नाही.

फोनमध्ये साहेबांचा आवाज आला. "उडालं, सुखरूप आहे. पण डांबराचा मोठा तुकडा उखडून कुंपणाशी पडलाय."

"मामा, उडालं! सुखरूप आहे!" मी ओरडून सांगितलं.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पुढचं सांग," ते म्हणाले.