विमान पडलं त्या दुपारी
रॉकेलचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली राहात्याची एक दुपार आठवते, कारण हे सुट्टीवर आले की यांच्या कपड्यांना विमानाच्या इंधनाचा तसाच वास यायचा. हे हवाई दलात मेकॅनिक होते. यांच्याच तळावरचं लढाऊ विमान पडल्याचं रेडिओवर सांगितलं आणि अर्धी गल्ली आमच्या ओसरीवर येऊन बसली. एक म्हणे शत्रूनं पाडलं, दुसरा म्हणे पायलट प्यालेला असंल. शेजारचे काका चहा फुरकत म्हणाले, "नट ढिला राह्यला असंल. खालची मान्सं नीट बघत न्हाईत." खालची माणसं म्हणजे माझा नवरा, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. सासूबाई देवापुढून उठत नव्हत्या आणि मी तिसऱ्यांदा चहा ठेवत होते. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर यांचा फोन आला. "मी बरा हाय," एवढं म्हणून हे रडायला लागले. पायलट गेला होता; सकाळी विमानात त्याच्या सीटचे पट्टे यांनीच आवळले होते. घरी येऊन मी सगळ्यांना तेवढंच सांगितलं. मग काका म्हणाले, "ते झालं, पन पडलं कशानं?" हल्ली असे काका टीव्हीवर चर्चेला बसतात, मी उठून तो बंद करते.