न हलणारं पांढरं

दुबईजवळ, अजमानमध्ये, डिसेंबरातही गॅलरीतले कपडे बघता बघता वाळतात. त्या दिवशी ते काढायला मी गेलेच नाही.

माझी लेक कॅनडात नर्स आहे. तिकडची सकाळ म्हणजे आमची टळती दुपार. रात्रपाळी संपवून गाडीत बसताना तिने आवाज भरून पाठवला, "आई, बर्फाचं वादळ आलंय, पण निघते. पोचले की सांगते." निरोपांच्या त्या ॲपवरून फोन करायला इथे बंदी आहे, नुसते निरोप जातात. मी लगेच उलट निरोप पाठवला. त्यापुढे एकच टिक. म्हणजे तिचा फोन बंद.

उपग्रहातून ढग दिसतात ते पान नातीने मला मागेच फोनवर लावून दिलं होतं. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण लेकीचं गाव सापडतं. मोठ्या तळ्याच्या खालच्या टोकाला आहे ते. तिथे सगळं पांढरं होतं. चहा झाला, भाजी चिरून झाली, तरी पांढरंच. वादळ तिच्या डोक्यावर ठाण मांडून बसलंय, असं मी धरून चालले. सून आतल्या खोलीत मीटिंगला बसलेली. तिला विचारायचा संकोच वाटला. एका हाताने पोळ्या भाजत, दुसऱ्या हाताने फोन चाळत राहिले.

पोळी करपल्याच्या वासाने नात बाहेर आली.

"आजी, व्हॉट आर यू वॉचिंग?"

"वादळ. हलतच नाही मेलं."

तिने चित्र मागेपुढे सरकवलं. "सी, धिस इज मूव्हिंग, सो क्लाउड. धिस इज नॉट मूव्हिंग. दॅट्स स्नो, आजी, ऑन द ग्राउंड. स्टॉर्म खलास!"

खरंच, ढग उजवीकडे, समुद्राकडे निघाले होते. गावावरचं पांढरं तेवढं जागच्या जागी. क्षणभरच हायसं वाटलं. ढग निदान वर असतो. हे तर खाली होतं, रस्त्यावर, गाड्यांवर.

"एवढा सगळा बर्फ?"

"येस, सो मच," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने गॅस बंद केला.

मुलगा दुबईहून घरी येऊन बूट काढत होता, तेव्हा दुसरी टिक उमटली. पाठोपाठ लेकीचा आवाज. "आई, पोचले गं. बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या मागेमागे आले. फोन थंडीने मेला होता. आता झोपते, रात्री परत ड्यूटी आहे."

"झालं? आता तरी जेवायला वाढ," मुलगा हसून म्हणाला.

वाढायला उठले. पण आधी त्या गावाच्या डावीकडे बघून घेतलं, तिकडून आणखी काही हलत येतंय का.