कमी दिवसांचा विमा
लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला की मला शारजातल्या रोल्लामधलं विम्याचं ते कोंदट ऑफिस आठवतं. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि रोड टेस्टला दोनदा नापास होऊन नुकतंच कुठे लायसन्स हातात पडलं होतं. बाबांची जुनी पांढरी गाडी आता मी चालवणार असं घरात ठरलेलं, आणि तिचा विमा संपत आला होता, म्हणून मी हट्टाने त्यांच्यासोबत गेले. एसीचं पाणी बादलीत टपकत होतं, कोपऱ्यात कागद लॅमिनेट करायचं मशीन चालू होतं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "पूरे साल का?" बाबा हळूच म्हणाले, "नहीं, कम दिन का." मला वाटलं, माझा हात बसेपर्यंतचाच काढताहेत. "इट्स ओके बाबा, वन मंथ इज इनफ," मी म्हटलं. तो माणूस आधी माझ्याकडे आणि मग बाबांकडे बघत राहिला. "सर, कम दिन का सिर्फ एक्सपोर्ट में मिलता है. गाडी बाहर जा रही है ना?" बाबांनी मान हलवली. "नोकरी गेली गं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "गाडी विकली, ती ओमानला जाणार. महिनाअखेर आपणही भारतात परत जायचं." खाली उतरल्यावर त्यांनी किल्ली पुढे केली. "घरापर्यंत तू चालव." मी ती घेतली नाही. मागच्या सीटवर जाऊन बसले, आणि टॅक्सीवाल्यासारखे एकटेच पुढे बसून त्यांनी मला घरी आणलं. आता पुण्यात माझी स्वतःची गाडी आहे. बाबांना नीट दिसत नाही, डॉक्टरकडे मीच नेते. दर वेळी मी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडते, आणि दर वेळी ते मागे जाऊन बसतात.