लग्नाच्या कमानीवर ड्यूकचं राजचिन्ह

सांगतो, पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकताना एकाला ठसका लागला होता. पोरीच्या लग्नाच्या दिवशी मी जे करून बसलो, ते दुश्मनाच्याही हातून होऊ नये!

मी डोणगावात शाळेत इतिहास शिकवतो. शिवकाल, पेशवाई सगळं शिकवतो. पण जीव अडकलेला युरोपातल्या एका म्हाताऱ्या ड्यूकमध्ये. एका जुन्या राजघराण्याचे ते प्रमुख. राज्य त्यांच्या आजोबांच्या काळातच गेलं, घराण्याला देशाबाहेर काढलं, ड्यूकसाहेबांनी परमुलखात विमा कंपनीत कारकुनी केली. म्हातारपणी परत आले आणि आपल्याच वाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागले. बाकीचा वाडा लोक तिकीट काढून पाहतात, आणि धनी पिशवी घेऊन भाजी आणायला जातात! पण रुबाब? तो कुठं जातो हो? घराण्याचं एक पान आहे, ते मी रोज मोबाईलवर उघडायचो. त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, पण बोट दाबलं की फोनच मराठी करून देतो.

आणि त्यांचं राजचिन्ह! ढालीचे चार खण. एकात जीभ बाहेर काढलेला सोनेरी सिंह, दुसऱ्यात काळा गरुड, खाली मासे आणि किल्ला. दोन्ही बाजूंनी दोन अस्वलं ढाल धरून उभी, वर मुकुट. हे पूर्ण चिन्ह वापरायचा मान फक्त घराण्याच्या प्रमुखाचा. भावांनी, पोरांनी वापरायचं तर त्यात एक वेगळी खूण वाढवायची. काय शिस्त आहे पाहा!

तर प्राजक्ताचं, म्हणजे माझ्या पोरीचं, लग्न ठरलं. त्याच आठवड्यात त्या पानावर नवीन चित्र आलं. चिन्ह तेच, पण काळ्याभोर पाटीवर, आणि पाटी शंकरपाळ्यासारखी टोकावर उभी. अशी ऐट मी जन्मात पाहिली नव्हती! लग्नाच्या घाईत ते पान पुन्हा उघडणंच झालं नाही, खालचा मजकूर कोण वाचत बसतो? चित्र थेट मेहकरला, रफिकभाईच्या फ्लेक्सच्या दुकानात.

"सर, शादी में काला?"

"राजेशाही आहे रफिकभाई, युरोपात असंच चालते."

"नीचे क्या लिखू?"

"वर 'शुभविवाह'. खाली 'कुटुंबप्रमुख गजाननराव'. मोठ्या अक्षरात!"

लग्नाच्या सकाळी फ्लेक्स कमानीवर चढला. आमची मंडळी, शोभा, बाहेर आली, पाहिलं आणि म्हणाली, "अहो, लग्नाच्या दारात काळं कायले?"

"तुले राजघराण्यातलं काय समजते?" मी म्हटलं. ती आत गेली, तिला हजार कामं होती.

मी खाली उभा राहून कौतुकानं बघत होतो. मूळ चित्राशी ताडून पाहावं म्हणून मोबाईल काढला आणि सहज बोट दाबलं. काय उमटलं असेल?

"घराण्याचे प्रमुख निवर्तले. रिवाजाप्रमाणे त्यांचं चिन्ह काळ्या पाटीवर वाड्याच्या दारावर चढवलं आहे. अशी पाटी दिसली की त्या घराचा प्रमुख गेला, असं समजावं."

पहिल्यांदा ड्यूकसाहेबांसाठी गलबलून आलं, खोटं नाही सांगत. मग वर पाहिलं. काळी पाटी, माझं दार, खाली माझंच नाव. सिंह माझ्याकडे बघून जीभ दाखवत होता. पोरीच्या लग्नात मी स्वतःच्या मरणाची पाटी लावली होती, तीही रंगीत!

एक वेळ मेलो तरी चाललं असतं. पण व्याही! आमचे व्याही भास्करराव, धामणगाव बढ्याचे निवृत्त तलाठी. माणूस सोन्यासारखा, पण शकुनाचा पक्का. शोरूमवाला शिंकला म्हणून नवा ट्रॅक्टर तिथंच सोडून घरी आलेला! त्यांना कळलं की वऱ्हाड आल्या पावली परत. हळद लागलेल्या माझ्या पोरीनं काय करायचं?

रफिकभाईला फोन लावला. तो देऊळगावला दुसरी कमान चढवत होता. स्वतः शिडी लावली, दोन पायऱ्या चढलो आणि मनात आलं, पाटी लागलेलीच आहे, आता पडलो तर? तसाच उतरलो. छातीत धडधड. ती तरी नुसती धडधड होती की सुरुवात? आचाऱ्यानं गरम भजी पुढं केली. घशात अडकेल म्हणून नको म्हटलं. शेवटी खालूनच बांबूनं सोलापुरी चादर वर ढकलायला लागलो, तेवढ्यात हॉर्न वाजला. वऱ्हाड!

भास्करराव गाडीतून उतरले आणि कमानीसमोरच थांबले.

"हे काय हो, सर?"

"काही नाही! चला, आत चला, चहा घ्या."

"थांबा ना, पाहू तर द्या! वा! सिंह, गरुड... काय आहे हे?"

"मं... मंगलचिन्ह. युरोपातलं."

त्यांनी पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला. विहीणबाईंनाही उभं केलं. मी देवाचं नाव घेत होतो. आणि मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"मले बी पाह्यजे असं. परवा आमच्या घरी पूजा आहे, दारावर लावतो. फ्लेक्सवाल्याचा नंबर सांगा. खाली लिहाले सांगतो, कुटुंबप्रमुख भास्करराव!"

आता मात्र माझा धीर सुटला. माझं काय व्हायचं ते होवो, पण पोरीच्या सासऱ्याला मी माझ्या नादापायी वर पाठवू? खुर्चीत बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

बँड थांबला. भास्कररावांचा चेहरा उतरला.

"म्हंजे या घराचा प्रमुख मेला, असा बोर्ड लावून तुम्ही आमाले त्याच्याखालून नेऊन राह्यले?"

मागून कोणीतरी "गाडी वळवा" म्हणालं. दारात प्राजक्ता येऊन उभी होती, डोळे भरलेले. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात शोभा कमरेला पदर खोचून पुढं आली.

"भाऊ, भेव कायचं वाटते तुमाले? हे या घराचे प्रमुख आहेत, असं कोनं सांगितलं? पोरगं पसंत केलं म्या. तारीख धरली म्या. मांडव, आचारी, बँड, सगळं म्या. इचारा कोनालेही! यायच्याकडे आख्ख्या लग्नातलं एकच काम देल्लं होतं." तिनं वर बोट केलं. "ते हे!"

आचाऱ्यानं मान हलवली. बँडवाल्यानंही हलवली. गुरुजींनी तर दोनदा हलवली.

"पण वहिनी," भास्करराव चाचरले, "मंग बोर्ड तुमच्यावरच..."

"माझं नाव आहे का त्याच्यावर?"

भास्कररावांनी डोळे मिटले. सारा जन्म सातबारा लिहिण्यात गेलेला माणूस, असा कोणाच्याही म्हणण्यावर विश्वास ठेवेल? वर पाहिलं, शोभाकडे पाहिलं, सगळ्यात शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"नाव एकाचं, अन् कब्जा दुसऱ्याचा!" ते एकदम खुलले. "अशी नोंद कोनालेच लागू होत नाही. फेरफार नामंजूर! वाजवा बे बँड!"

लग्न थाटात लागलं. मीही अक्षता टाकल्या, सगळ्यांबरोबर हसलो. पण तुम्हीच सांगा, सकाळपासून मरणाच्या भीतीनं मी अर्धा झालेलो, आणि शेवटी चारचौघांसमोर काय ठरलं? घरचा प्रमुख म्हणून मरायचीसुद्धा माझी पात्रता नाही!