क्रेटमधला अर्धा तास

थांबणं मला जमत नाही. चहा उकळेपर्यंत मी दोनदा गॅस मोठा करते. मंचरला हायवेवर कांद्याचे ट्रक अडकले, की स्कूटीवर बसल्या बसल्या माझा जीव वरखाली होतो. अशा बाईने बहुविकलांग मुलांची शिक्षिका व्हावं, यावर घरचे अजून हसतात.

मंचरजवळच्या एका वाडीवर दर मंगळवारी मी एका नऊ वर्षांच्या मुलीला शिकवायला जायची. तिला सेरेब्रल पाल्सी. मान सावरायला गेली की हात आखडायचे, हात उचलला की मान कलंडायची. बोलणं नाही, नजरही अधू. शुक्रवारी थेरपिस्ट ताई यायच्या, पाय ताणून पाठ सरळ करून जायच्या. मंगळवारी मी चित्रांची कार्डं दाखवून जायची. अंग त्यांच्याकडे आणि डोकं माझ्याकडे, अशी आमची वाटणी. मुलगी एकच आहे, हे दोघींनाही सुचलं नाही.

गावातल्या शाळेचे सर म्हणाले होते, "अर्धा तास वर्गात बसली, हातानं काही करू लागली, तर रोज आणा." मुलीच्या आईचा त्यावरच जीव लागला होता. दिवाळीनंतरचा एक सोमवार ठरला.

तिच्यासाठी सरकारी शिबिरात मापं घेऊन खास खुर्ची बनवली होती. ती हातात पडेपर्यंत मुलगी वाढली. पट्टे काखेत रुतायचे, दहा मिनिटांत ती रडकुंडीला यायची. तरी माझा हट्ट खुर्चीचाच. सरकारी खुर्ची, शास्त्रशुद्ध!

एकदा न कळवता गेले. ओसरीवर मुलगी टोमॅटोच्या प्लास्टिक क्रेटमध्ये बसवलेली, चहूबाजूंनी गोधडी कोंबलेली, पुढ्यात कांद्याचा ढीग. माझं डोकंच सणकलं.

"अहो, लेकरू आहे का माल? या वयात कामाला जुंपलंत तिला?"

 आईने मुलीला उचललं आणि क्रेट भिंतीशी पालथं घातलं. मी मोठी कामगिरी केल्यासारखी परतले.

पुढचे तीन मंगळवार मुलगी खुर्चीत नुसती रडली. कार्डाकडे बघेना. सोमवार जवळ येत होता. शेवटी मी आईवरच घसरले, "तुम्ही घरी सराव घेत नाही."

"घेत व्हते की मॅडम," ती म्हणाली. "क्रेटात तासभर बसायची. मोठा कांदा उजव्या पाटीत, बारकी गोल्टी डाव्या पाटीत. लई येळ लावती, पण चुकत न्हाई. तुमी रागावला म्हणून बंद केलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी घाईत व्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या शुक्रवारी थेरपिस्ट ताई आल्या तेव्हा मीही गेले. त्यांनी मुलीला क्रेटमध्ये बसवून नीट पाहिलं. चारी बाजूंनी आधार मिळाला की मान ठरत होती आणि हात मोकळे होत होते. त्यांनी पायाखाली पोत्याची घडी सारली, ढीग थोडा लांब सरकवला. आता प्रत्येक कांद्यासाठी पाठ वळत होती. व्यायाम तोच, धडाही तोच.

"एक कांदा उचलायला किती वेळ घेते ही?" ताईंनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी तिला शिकवत होते, पण तिचा हात हलण्याआधीच तो धरून कार्डावर ठेवत होते. मग घरी जाऊन वहीत 'कार्ड ओळखले' असं लिहीत होते. त्या नोंदी आठवल्या की आजही स्वतःचा राग येतो.

सोमवारी वर्गात मुलांच्या मधोमध क्रेट मांडलं. आई एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. सरांनी कांदे ओतले, दोन पाट्या ठेवल्या. मुलीचा हात थरथरत उठला, कांद्यावर गेला आणि हवेतच थांबला. कोणीतरी खोकलं.  उचल ना बाई, उचल! माझा हात आपोआप पुढे सरकला.

आईने क्रेटवरून हात घालून माझं मनगट धरलं. "थांबा की मॅडम. चाललंय तिचं."

बऱ्याच वेळाने कांदा उजव्या पाटीत पडला. मोठाच होता. मग दुसरा. मग एक गोल्टी, डावीकडे.

"उद्या दहाला आणा," सर म्हणाले, तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. आईने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.