टिनाखालची बुरशी

सिंदेवाहीत माझं बियाण्याचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवा माल आला, पुड्यांत भरलेली बुरशी. चन्याला लागणारा मर रोग थांबवते, मुळं वाढवते. "आता बुरशी इकून राह्यला का? उद्या वाळवी इकशीन," असं गिऱ्हाइकं चिडवायची. माल खोटा नव्हता. पण ती बुरशी जिवंत असते, तिला थंड जागा लागते. मी खोकी उन्हाळाभर टिनाखाली ठेवली, आणि आमच्याकडचा मे म्हणजे काय ते मी सांगायला नको. आतलं सगळं मेलं असणार हे मला ठाऊक होतं. फेकायचं जिवावर आलं, दुसरं काय!

दिवाळीनंतर एक विधवा बाई आली. धान कापलं की त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, ती चना पेरायची. आदल्या वर्षी अर्धं पीक मर लागून वाळलं होतं. यंदाही गेलं तर दीर ती बांधी काढून घेणार होता.

"भाऊ, हे जित्तं हाय ना?"

"एकदम जित्तं. शेणखतात मिसळ, ओल्या पोत्याखाली ठेव. आठ दिवसांत बुरशी चढून हिरवं होते."

दहाव्या दिवशी ती डोक्यावर शेणखताची टोपली घेऊन भर बाजारातून आली. "हिरवं झालंच नाई, भाऊ."

दुकानात चारपाच जण होते. पेरणीला अजून वेळ होता, खरं सांगून दुसरा माल आणून देता आला असता. मी काडीनं खत उकरलं आणि म्हणालो, "शेण हाय बाई, पालकाची भाजी नाई." सगळे हसले. सगळे हसतात म्हणून तीही हसली. मग तिनं विचारलं, "माहं काई चुकलं का?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या माझ्या तोंडून निघाल्या. "हात कोनाचा लागला? तुहाच ना? मंग काय होनार."

कुणी हसलं नाही. आमच्याकडं बियाण्याची पहिली मूठ सवाशिणीच्या हातची असते. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, तेव्हा कामाला आलं म्हणून बोललो. ती टोपली उचलून गेली.

चना फुलावर असताना वाळला. दिरानं बांधी घेतली. पुढच्या हंगामात तोच माझ्याकडं आला, त्याला मी ताज्या पुड्या दिल्या. त्याचा चना गुडघ्याला लागला. वहिनीला बियाण्याला शिवू दिलं नाही, हे तो गावभर सांगत फिरला.

दोनेक वर्षांनी ती रस्त्यात भेटली. स्वतःहून थांबली.

"तुमी तोंडावर सांगतलं ते बरं केलं, भाऊ. लेकीचं लगन झालं मागच्या महिन्यात. म्या तिले हातच लावला नाई. सासरी जातानी गळ्यात पडाले आली, तवाई मी मांगं सरली."

मी म्हणालो, "बरं केलं."